अंत्यसेवा चालवणाऱ्या काका-काकूंना हातभार लावा : नम्र आवाहन

सर्व रहिवाशांना सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे कुणाच्याही घरी मृत्यू झाला की पहिला फोन काका-काकूंना जातो. काकांच्या वडिलांनी सुरू केलेली ही अंत्यसेवा आज ते दोघंच चालवतात. शववाहिका काका चालवतात. देह स्वच्छ करून, कपडे घालून, शेवटच्या दर्शनासाठी नीट ठेवण्याचं काम बहुतेक काकू करतात. दाखल्यांची कागदपत्रं आणि हिशेबही त्यांच्याकडेच.

हे काम उद्यावर टाकता येत नाही. मृत्यूनंतर काही तासांत जबडा आणि मान ताठ होऊ लागते, साधारण १२ तासांत सगळं शरीर कडक होतं. मग हात सरळ करणंही कठीण. त्यामुळे मध्यरात्री फोन आला तरी दोघं लगेच निघतात. निष्प्राण देह जिन्यावरून खाली आणणं हे दोन वयस्कर माणसांचं काम नव्हे, पण ते करतात आणि काकांची कंबर आता साथ देत नाही. शिवाय कितीतरी गोष्टी त्यांनाच लक्षात ठेवाव्या लागतात. दहन करायचं असेल तर छातीत बसवलेला पेसमेकर (हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र) आधी काढून घ्यावा लागतो, नाहीतर आगीत त्याच्या बॅटरीचा स्फोट होतो. दुःखात बुडालेल्या घराला हे कुठून सुचणार? काका न चुकता विचारतात.

लांबच्या नातेवाइकांसाठी थांबायचं तर देह २ ते ४ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावा लागतो. त्यांच्याकडची एकुलती एक शीतपेटी जुनी झाली आहे. कॉम्प्रेसर मध्येच बंद पडतो आणि मग दोघं आळीपाळीने जागून बर्फ बदलत बसतात. देह अधिक दिवस टिकवण्यासाठी फॉर्मॅलिन वापरतात. त्यातल्या फॉर्मल्डिहाइडमुळे माणसांना कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सांगितलं आहे. काकूंच्या कामाच्या खोलीत मात्र हवा बाहेर फेकणारा साधा पंखाही धड चालत नाही. समितीला सर्वांत जास्त काळजी याची वाटते.

काकांची हिशेबाची वही आम्ही आग्रहाने पाहिली. बऱ्याच नावांपुढे रक्कम लिहिलेलीच नाही. ही येणी गोळा करू या, असं सुचवल्यावर त्यांनी साफ नकार दिला. "ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याच्या दारात मी पैशासाठी जाणार नाही," असं ते म्हणाले. या आवाहनालाही ते मोठ्या मुश्किलीने तयार झाले, तेही वहीतलं एकही नाव बाहेर जाणार नाही या अटीवर. ती अट आम्ही पाळू.

नवी शीतपेटी आणि खोलीतली हवा खेळती ठेवण्याची यंत्रणा यांसाठी निधी हवा आहे. जमेल तेवढा द्या, पावती घ्या. पण पैशांइतकीच माणसांची गरज आहे. रात्री गाडी चालवू शकणारे, उचलायला हात देणारे लोक हवेत. बायकांनीही पुढे यावं, असं काकूंनी मुद्दाम सांगायला सांगितलं आहे. आई किंवा बहीण गेलेल्या घरात बाईमाणूस सोबत असलं की घरच्यांना धीर येतो, असा त्यांचा अनुभव आहे. काम काका-काकू स्वतः शिकवतील. हातमोजे, मास्क आणि हिपॅटायटिस-बी लशीचा खर्च समिती करेल. या लशीचे ३ डोस पूर्ण व्हायला साधारण ६ महिने लागतात, म्हणून नावं लवकर द्या.

नावनोंदणी आणि देणगी समितीच्या कार्यालयात रोज संध्याकाळी स्वीकारली जाईल. खर्चाचा हिशेब तिथल्याच फलकावर लावला जाईल.

आपले,
स्थानिक साहाय्य समितीचे सर्व सदस्य