तुमच्याच धंद्यातले निघाले, बाबा!

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

मार्कच्या जर्मन पूर्वजांचा माग एकदाचा लागला. त्याच्या खापरपणजोबांच्या वडिलांच्या नावापुढे 1851 च्या जनगणनेत ‘शुगर बेकर’ लिहिलंय, जन्मगाव नुसतंच ‘हॅनोव्हर’. आम्ही येडे, दोन महिने त्यांना मिठाईवाले समजून बेकऱ्या शोधत बसलो. शुगर बेकर म्हणजे साखर शुद्ध करणारा कामगार, हे फार उशिरा कळलं. म्हणजे बाबा, तुमचेच जातभाई!

पूर्व लंडनमध्ये, व्हाइटचॅपलच्या आसपास, हे कारखाने होते. कामाला बरेचसे हॅनोव्हरकडचे तरुण. वेस्ट इंडीजची कच्ची साखर विरघळवायची, मळी काढायला बैलाचं रक्त घालायचं (आई, नाक मुरडू नकोस, आपल्या गुऱ्हाळात भेंडी घालतात ना, तसंच), मग पाक उकळून मातीच्या निमुळत्या साच्यांत ओतायचा. आत एवढी धग की माणसं जवळजवळ उघडीच राबायची, आणि मालक बिअर फुकट पाजायचे. पाकानं भाजणं तर रोजचंच. कारखान्यांना आगीही फार लागत.

परवा ॲली स्ट्रीटवरचं त्यांचं सेंट जॉर्जेस चर्च बघून आलो. 1762 चं. सगळ्यात मोठी देणगी बेकमन नावाच्या साखर कारखानदाराची. भिंतीवर दहा आज्ञा सोनेरी जर्मन अक्षरांत. मार्क बराच वेळ बाकावर गप्प बसून होता.

मला मात्र सारखे तुम्हीच आठवत होतात. पाक झाला का हे बघायला ती माणसंही अंगठा आणि बोटात थेंब धरून तार ओढायची. मी लहान असताना तुमच्या अंगठ्याचं ते टणक कातडं टोचून बघायचे, ‘दुखत नाही?’ विचारायचे, आणि तुम्ही हसायचात. साखर कारखान्यात पॅनवर खरंच किती वेळा भाजलं, हे कधी सांगितलंच नाहीत. आता सांगा. आणि हो, तुम्ही 31 हंगाम ज्याच्यापुढे उभे राहिलात, तो व्हॅक्यूम पॅन (कमी दाबाखाली पाक उकळायचं बंद भांडं) 1813 मध्ये हॉवर्ड नावाच्या इंग्रजानं काढला.

दिवाळीत येतोय. मार्कला तुमच्याकडून तार काढायला शिकायचंय. आई, गुळाचा पाक तू कर, पण बाबांना चाखू देऊ नकोस. मागच्या महिन्यातला शुगरचा रिपोर्ट दादानं मला पाठवलाय.

तुमची,
मनू