मुहूर्त बरोबर, गाव चुकलं : काकूंना जाहीर आभाराचं पत्र

प्रिय काकू,

सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "पुरे रे" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. यंदा गणपतीत मी इथे अमेरिकेत, मिनीआपोलिसमधल्या ओळखीच्या घरी भेंडी आणि दुधी वाटत फिरलो, तेव्हा जो तो विचारत होता, "इथे कसं काय जमतं?" तेव्हाच ठरवलं, श्रेय ज्याचं त्याला जाऊ दे.

मी निफाडकडचा. थंडी आपल्याला माहीत आहे, असा माझा गाढ समज होता. पारा घसरला की आमचे आप्पा पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायचे, ठिबक चालू करायचे. पण आमच्याकडची पेरणी बघते ती पावसाकडे. म्हणून 2023 साली अक्षय्य तृतीयेला, म्हणजे 22 एप्रिलला, आजीच्या रीतीने मी आळी करून दुधीच्या बिया टोचल्या. खिडकीत वाढवलेली टोमॅटोची सहा रोपंही लावून टाकली. दोन-तीन रात्रींत पानं वाफवलेल्या पालकासारखी काळपट, ओली होऊन लोंबायला लागली. बिया गार मातीत कुजल्या. तुम्ही कुंपणापलीकडून पाहिलंत, हसला नाहीत (त्याबद्दल वेगळे आभार) आणि म्हणालात, "मुहूर्त बरोबर आहे रे, गाव चुकलं."

त्या संध्याकाळी तुमच्या फ्रिजवरचं कालनिर्णय पाहिलं. मेच्या मध्यावर एक लाल फुली, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दुसरी. भाजीचं वर्ष एवढंच. मी तर्क लढवला, की विमानतळावरच्या नोंदीत शेवटचा फ्रॉस्ट, म्हणजे पानं गोठवणारं हिम, एप्रिलअखेरीस दिसतो, मग तुम्ही दोन आठवडे का थांबता? तुम्ही म्हणालात, ती मधली तारीख आहे. निम्मी वर्षं फ्रॉस्ट तिच्या नंतरही पडतो. शिवाय त्यांचा थर्मामीटर पाच फुटांवर, आणि आपली परसं उतारावर, खाली. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की गार हवा ओघळून इथेच साचते. अंदाजात 36 फॅरनहाइट, म्हणजे गोठणबिंदूच्या जरा वरचं, सांगितलं तरी गवतावर पांढरं दिसणार. मी तोवर हार्डिनेस झोनचा नकाशा पाठ करत बसलो होतो. तो हिवाळ्यातल्या नीचांकाचा नकाशा. सफरचंदाच्या झाडाला कामाचा, भेंडीला नाही, हे तुम्ही एका वाक्यात सांगून टाकलंत.

मग त्या लाल फुलीपासून उलटं मोजायला शिकवलंत. टोमॅटोचं बी घरात सहा ते आठ आठवडे आधी, मिरचीचं त्याच्याही आधी. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर फुलीची वाट न बघता एप्रिलमध्येच, कारण ती थोडं गारठणं सोसतात. रोपं एकदम बाहेर लावायची नाहीत. आठ-दहा दिवस अंगणात ने-आण करून त्यांना ऊन-वाऱ्याची सवय लावायची. भेंडीला तर तारीखही पुरत नाही. दही लावताना दुधात घालता तो थर्मामीटर तुम्ही सकाळी सकाळी मातीत खुपसलात, चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचलात आणि म्हणालात, "अठ्ठावन्न. अजून पासष्ट नाही. घरी जा." मी खरंच घरी गेलो.

वालाचं मात्र तुम्ही सांगूनही ऐकलं नाही. वेल गॅरेजच्या छपरापर्यंत गेला, पण फूल नाही. इथे जूनचा दिवस साडेपंधरा तासांचा, आणि आपल्याकडचा वाल दिवस लहान व्हायची वाट बघणारा. सप्टेंबरात फुलला, शेंगा धरेपर्यंत फ्रॉस्टने नेला. बिरड्याची आशा मी सोडलेली नाही, पण तो आपला वेगळा वाद.

दुसऱ्या फुलीपासूनही मागे मोजायचं, हे तर मला कधीच सुचलं नसतं. पाकिटावर जेवढे दिवस लिहिलेत, त्यात दोन आठवडे जास्तीचे धरायचे, कारण शरदात ऊन उतरतं आणि वाढ मंदावते. त्या हिशेबाने ऑगस्टमध्ये टाकलेली मेथी आत्ता वीतभर झाली आहे.

गेल्या ऑक्टोबरची ती रात्र आठवते. दहा वाजता तुम्ही दार वाजवलंत, हातात चार जुन्या सुती साड्या. प्लॅस्टिक नको, जिथे पानाला टेकतं तिथेच करपतं, असं बजावत टॉर्चच्या उजेडात आपण दोघांनी टोमॅटोवर साड्या पांघरल्या आणि पदर विटांनी दाबले. सकाळी साड्यांवर पांढरं हिम होतं, आत टोमॅटो शाबूत. उघडी राहिलेली तुळस तेवढी काळी पडली. साड्या लगेच काढायला लावल्यात, नाहीतर आत ऊन कोंडतं म्हणून. पुढे दोन आठवडे आम्ही टोमॅटोचं सार खाल्लं.

त्यातल्या दोन साड्या अजून माझ्याकडेच आहेत. विटांचे डाग काही गेले नाहीत, दोनदा धुऊन पाहिलं. यंदाची दुसरी फुली टळली की आणून देतो, तोवर लागतील.

तुमचा,
कुंपणापलीकडचा निफाडकर