चॅटमधल्या तिरक्या रेघेविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या (ब्लॉकच्या) खेळात घर बांधलंस, शेत लावलंस, खाणीत उतरून हिरेही काढलेस, आणि तरी चॅट उघडून कमांड (खेळाला लिहून दिलेला हुकूम) टाकायला अजून बिचकतोस, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. ‘माझ्या हातून काही बिघडलं तर?’ असं तू विचारलं आहेस. ती भीती अगदीच खोटी नाही, म्हणून नीट सविस्तर सांगतो. पत्रात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. खेळात त्या रोमन लिपीत, बारीक अक्षरांत टाकायच्या.

पहिली गोष्ट म्हणजे चॅटच्या ओळीला दोन स्वभाव आहेत. साधं वाक्य लिहिलंस तर ते सगळ्यांना दिसतं. तेच वाक्य स्लॅशने, म्हणजे ‘/’ या तिरक्या रेघेने, सुरू केलंस तर ते माणसांसाठी उरत नाही, खेळाला दिलेला हुकूम होतं. ही पद्धत माइनक्राफ्टच्या फार आधीची आहे. 1978 साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी ‘मड’ हा खेळ लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टल यांनी तो वाढवला. त्यात चित्रं नव्हतीच. उत्तरेला जायचं, वस्तू उचलायची, समोरच्याशी बोलायचं, सगळं टाइप करून. मग 1988 मध्ये फिनलंडच्या यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी ही गप्पांची व्यवस्था तयार केली. तिथे बोलणं आणि हुकूम एकाच ओळीत टाइप व्हायचे, आणि हुकूम ओळखू यावा म्हणून त्याच्या आधी स्लॅश. आज आपण चॅटमध्ये ‘/मी’ लिहून पुढे ‘दमून बसला’ असं टाकतो आणि आपल्या नावासकट ती ओळ उमटते, ती सोय तिथेही होती. मला या जुन्या वारशाचं फार अप्रूप वाटतं.

आता कामाचं. कमांड पाठ करत बसू नकोस. स्लॅश टाक आणि थांब. पुढे काय चालेल त्याची यादी खेळच दाखवतो. टॅब दाबलंस की उरलेला शब्द तो पुरा करतो. जावा या खेळाच्या कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत लिहिताना चूक झाली तर अक्षरं लाल होतात, आणि वरच्या बाणाने आधीची ओळ परत आणून दुरुस्त करता येते. एंटर दाबेपर्यंत जगात काहीही हललेलं नसतं, हे लक्षात ठेव.

खरी गंमत जागा सांगण्यात आहे. प्रत्येक ठिकाणाला तीन आकडे असतात. एक्स वाढला की तू पूर्वेला सरकतोस, झेड वाढला की दक्षिणेला, आणि मधला वाय म्हणजे उंची. पण दर वेळी पुरे आकडे कोण लिहिणार? म्हणून ‘~’ हे चिन्ह आहे. त्याचा अर्थ ‘मी आत्ता आहे तिथून’. ‘/टीपी’ म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे नेणारी कमांड आणि ‘@एस’ म्हणजे तू स्वतः; ‘/टीपी @एस ~ ~10 ~’ लिहिलंस की तू उभा आहेस तिथून सरळ दहा ब्लॉक वर जाशील. (तिथे पायाखाली काही नसेल, तेव्हा पडायची तयारी ठेव.) त्याऐवजी ‘^ ^ ^5’ लिहिलंस तर तुझी नजर जिकडे आहे तिकडे पाच ब्लॉक. ही दोन चिन्हं कळली की पूल, जिने, भिंती यांचा विचारच वेगळ्या तऱ्हेने सुचू लागतो. ठरवलेली जागा एका तऱ्हेच्या ब्लॉकने भरणाऱ्या ‘/फिल’ या कमांडने एका वेळी डोंगरसुद्धा सपाट करता येतो, तिची ठरलेली मर्यादा 32,768 ब्लॉकची, म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी बत्तीस ब्लॉक असलेला घन.

पण मूळ खेळात केलेलं परत फिरवण्याची कमांड नाही, आणि तुझी भीती खरी ठरते ती इथेच. सगळ्यात जपून वापरायचं ते ‘@’. ‘@एस’ म्हणजे तू स्वतः, ‘@ए’ म्हणजे सर्व खेळाडू, ‘@आर’ म्हणजे कोणीतरी एक, आणि ‘@ई’ म्हणजे जगात त्या वेळी लोड झालेलं सगळं. गावकरी, पाळलेली मांजरं, रुळावरच्या गाड्या, जमिनीवर पडलेल्या वस्तू आणि खेळाडूही. नुसतं ‘/किल @ई’ (‘/किल’ म्हणजे मारून टाकणारी कमांड) टाकलं की यातलं काहीच वाचत नाही. तुला फक्त क्रीपर (जवळ येऊन फुटणारे राक्षस) हटवायचे असतील तर जावा आवृत्तीत कंसात अट घाल, म्हणजे वीस ब्लॉकच्या आतलेच क्रीपर निवडले जातील: ‘/किल @ई[टाइप=क्रीपर,डिस्टन्स=..20]’. आणि माझं ऐकशील तर त्याही आधी तीच अट लावून ‘/इफेक्ट गिव्ह’ने ‘ग्लोइंग’ (उजळण्याचा परिणाम) दे. जावा आवृत्तीत ज्यांच्यावर अट लागू होते त्यांच्या कडा भिंतीपलीकडूनही उजळतात. कोण मरणार हे डोळ्यांनी बघून मग मारावं. दुसऱ्याने महिनाभर खपून उभारलेल्या जगात आपण वावरतो, त्याचा एवढा मान ठेवलाच पाहिजे.

खाजगी बोलायचं असेल तर ‘/एमएसजी’, मग त्याचं नाव, मग निरोप. स्लॅश विसरलास तर तीच ओळ सगळे वाचतील, म्हणून एंटरच्या आधी सुरुवातीकडे एकदा बघ.

तू ‘/लोकेट’बद्दल विचारलं होतंस. हो, ती जवळचं गाव किंवा किल्ला कुठे आहे ते आकड्यांत सांगते. पण मित्रा, पहिल्या जगात ती वापरू नये असं मला मनापासून वाटतं. अंधारात वाट चुकून अचानक दिवे दिसणं हा या खेळाचा जीव आहे आणि ती कमांड तो काढून घेते. उलट मेल्यावर सामान जाऊ नये म्हणून ‘/गेमरूल’मध्ये ‘कीपइन्व्हेंटरी’ हा नियम चालू ठेवण्यात मला काहीच वावगं दिसत नाही. तुझ्याकडे वेळ थोडा असतो; तो हरवलेली कुदळ शोधण्यात का घालवायचा?

तुमच्या सर्व्हरवर यातल्या बऱ्याच कमांड चालणार नाहीत, कारण त्यांना ऑपचे (ऑपरेटरचे, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्याचे) अधिकार लागतात आणि ते मालकाने द्यावे लागतात. लगेच मागू नकोस. स्वतःचं एक वेगळं जग उघड, त्यात चीट्स (अशा कमांड वापरण्याची परवानगी) चालू कर आणि तिथे हवा तेवढा धुडगूस घाल. मोबाइल, कन्सोल वगैरेंवर चालणारी बेडरॉक आवृत्ती असेल तर हे नवीन जगातच कर, कारण तिथे चीट्स एकदा चालू केले की त्या जगात अचिव्हमेंट (खेळात मिळणारी बक्षिसांची बिल्लं) कायमच्या बंद होतात.

पुढच्या पत्रात ‘~’ वापरून काय बांधलंस ते आकड्यांसकट लिही. मी माझ्या जगात तेच बांधून बघेन.

तुझाच मित्र