आमच्या आडनावातला ‘कर’ : अल्पसंख्याक विकास मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

मी कोकणातल्या बेने इस्राएल या मराठी ज्यू समाजातली आहे. गेल्या आठवड्यात मुलीच्या प्रवेशासाठी अल्पसंख्याक दाखला मागायला मी एका सरकारी कार्यालयात तिसऱ्यांदा गेले. अर्जातले आडनाव वाचून तिथल्या कर्मचाऱ्याने सगळ्यांदेखत विचारले, “आडनाव तर आपल्या कोकणातले दिसते, मग तुम्ही ज्यू कशा?” शेजारच्या गृहस्थांनी धर्माच्या रकान्यात ‘ख्रिश्चन’ लिहून मोकळे होण्याचा सल्ला दिला. मुलगी माझ्या शेजारीच उभी होती. घरी येईपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही.

जून 2016 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आम्ही घरी मलिदा केला होता. मलिदा म्हणजे काय, हे आपल्या खात्यात कुणाला ठाऊक आहे का? भिजवलेल्या पोह्यांत गूळ आणि ओले खोबरे कालवून, फळांसह ताट मांडून, एलियाहू हनाबी या आमच्या संदेष्ट्याचे स्मरण करून आम्ही देवाचे आभार मानतो. प्रार्थना हिब्रूत असते आणि ताटातले पोहे-खोबरे याच मातीतले असते. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर एलियाहूंच्या रथाची खूण आहे, अशी आमची श्रद्धा आहे आणि नवस फेडायला आम्ही तिथे जातो.

नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेली सात जोडपी हे आमचे पूर्वज, असे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. त्यांच्या वंशजांनी कोकणात तेलघाणे चालवले, शब्बाथला म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. ज्या गावात राहिलो त्या गावाचे नाव आम्ही लावले, म्हणून आमच्यात पेणकर, रोहेकर, झिराडकर, किहीमकर आहेत. 1796 मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग, म्हणजे आमचे प्रार्थनास्थळ, बांधणाऱ्या सॅम्युएल एझेकिएल दिवेकरांना लोक सामाजी हसाजी म्हणत. मटणाबरोबर दूध चालत नाही, म्हणून आमच्या बायकांनी नारळाचे दूध वापरले, आणि धर्माचा नियम कोकणच्या नारळावर पाळला गेला. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकाचा उपवास आमच्याकडे बिरड्याचा रोजा झाला, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे करायचे. 1880च्या सुमारास आमच्या माणसांनी धर्मग्रंथातल्या अब्राहाम, योसेफ आणि मोशे यांची आख्याने मराठी कीर्तनातून सांगायला सुरुवात केली. 1874 मध्ये पुण्यात छापलेल्या हग्गादा या पोथीत वल्हांडणाचा, म्हणजे इजिप्तमधल्या गुलामीतून सुटकेच्या सणाचा, विधी मराठीत समजावलेला आहे आणि चित्रांतल्या बायका लुगड्यात आहेत. म्हणजे जो ‘कर’ पाहून आमच्यावर संशय घेतला गेला, तोच आमचा सर्वांत जुना दाखला आहे.

हा प्रश्न आम्हाला पहिल्यांदा विचारला गेला असेही नाही. आमचे जे नातलग इस्रायलला गेले, त्यांच्या ज्यूपणाबद्दल तिथल्या धर्मपीठाने लग्नाच्या वेळी शंका काढल्या. त्यांना निदर्शने करावी लागली आणि 1964 मध्ये तो प्रश्न सुटला. त्याच देशात आज ‘मायबोली’ नावाने मराठी अंक काढणारी माणसे आमचीच आहेत. तिथे आम्ही फार भारतीय ठरलो आणि इथे माझ्या मुलीला ती फार कोकणी ठरल्याचे ऐकावे लागते.

मला आता शंका येते की या व्यवस्थेला माणूस दिसतच नाही, फक्त मतांची बेरीज दिसते. सबंध देशात आम्ही काही हजारच उरलो आहोत, आमच्यावर कुणाची निवडणूक अडत नाही, आणि म्हणून निर्णय होऊन इतकी वर्षे लोटली तरी खालच्या टेबलापर्यंत तो पोहोचला की नाही, हे कुणी पाहिलेले नाही. माझे वडील याच जिल्ह्यात मराठी शिकवत निवृत्त झाले. त्यांच्या थडग्यावर नाव हिब्रूत आणि मराठीत कोरलेले आहे. ज्या दफनभूमीत ते आहेत तिच्या पडलेल्या कुंपणासाठी मी दोन अर्ज दिले. दोन्ही वेळा “करून देऊ” असे सांगितले गेले आणि आजही तिथे गुरे शिरतात.

माझ्या मागण्या लहान आहेत. दाखल्याच्या प्रत्येक अर्जात ‘ज्यू’ हा पर्याय छापावा, 2016चा निर्णय प्रत्येक तहसील कार्यालयाला पुन्हा लेखी कळवावा, कोकणातल्या आमच्या दफनभूमींची मोजणी करून त्यांना कुंपण घालावे, आणि घराघरांत पडलेली आमची मराठी कीर्तनांची बाडे वाळवीने खाण्याआधी राज्याने जतन करावीत.

मुलीच्या प्रवेशाची मुदत या महिनाअखेरीस संपते. उत्तर त्याआधी मिळावे, ही विनंती.

आपली,
अलिबाग तालुक्यातील एक बेने इस्राएल रहिवासी