शिष्यवृत्ती मिळते, पण तोवर प्रवेश हातचा जातो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले आणि आमच्या बाररूममधल्या गप्पांचा विषय बदलला. वकिलीची सनद हातात पडली की पुण्या-मुंबईची वाट धरायची असे ज्यांचे ठरलेले असायचे, ती मुले आता इथेच पाय रोवायचे म्हणतात. त्यांतली काही तर आणखी पुढचे विचारतात, "मॅडम, परदेशातून एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, करून परत इथंच प्रॅक्टिसला आले तर?" मी कित्येक वर्षे इथे दिवाणी बाजूची वकिली करते. असा प्रश्न माझ्या चेंबरमध्ये विचारला जातो, याचा मला मनापासून आनंद होतो. म्हणूनच या मुलांच्या वाटेत जी अडचण पुन्हा पुन्हा आडवी येते, ती आपल्या पत्रातून मांडते आहे.

अडचण पैशाची, असे सगळे धरून चालतात. पैशाची आहेच. लंडनमधल्या नामवंत विद्यापीठांत एलएलएमची वर्षाची फी ३०,००० पौंडांच्या पुढे जाते, अमेरिकेतल्या पहिल्या फळीच्या लॉ स्कूलमध्ये ७०,००० डॉलरच्या वर, आणि राहण्या-जेवण्याचा खर्च निराळा. पण त्यासाठी योजना आहेत, आणि महाराष्ट्रात त्या कमी नाहीत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी ७५ जागांची. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’ या राज्य सरकारच्या संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची योजना आहे. इतर मागास, भटके-विमुक्त, आदिवासी आणि खुल्या गटातल्या मुलांसाठी त्या त्या विभागाच्या योजना आहेत. केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे, १२५ जागांची. गाडी अडते ती तारखांवर.

माझी एक ज्युनिअर भुदरगड तालुक्यातली. घरची शेती थोडी, वडील साखर कारखान्यात हंगामी कामाला. तिला फेब्रुवारीत लंडनच्या एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले. जागा राखायची तर जूनच्या आत डिपॉझिट भरायचे होते, आणि ते परत मिळणारे नव्हते. जिच्या भरवशावर ती होती त्या शिष्यवृत्तीची जाहिरात तेव्हा कुठे निघत होती. छाननी, कागदपत्रांची पडताळणी, निवड यादी हे सगळे त्याच्या पुढे. व्हिसाचेही तसेच. इंग्लंडच्या विद्यार्थी व्हिसासाठी फी आणि राहण्याच्या खर्चाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात शिल्लक दाखवावी लागते. सरकारी शिष्यवृत्ती असेल तर तेवढ्या रकमेपुरते सरकारचे पत्र चालते. मात्र वर्ग सप्टेंबरमध्ये सुरू होतात आणि पत्र पावसाळा संपता संपता येते. मग त्या पत्राचे करायचे काय? तिने प्रवेश एक वर्ष पुढे ढकलून मागितला आणि विद्यापीठाने तो दिला. सगळी विद्यापीठे देत नाहीत. योजनेचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण दुसऱ्या योजनांमध्ये अर्ज केलेल्या मुलांकडूनही मी हेच ऐकते.

केंद्राच्या पातळीवरही वेगळे चित्र नाही. २०२५ मध्ये नॅशनल ओव्हरसीजसाठी १०६ विद्यार्थी निवडले गेले, पण सुरुवातीला त्यांतल्या ४० जणांनाच पत्रे देण्यात आली. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाला तर पत्र मिळेल, असे कळवण्यात आले. निवड झालेल्या मुलाने ‘झाला तर’ या दोन शब्दांवर विमानाचे तिकीट काढायचे का? घरच्यांनी शेत गहाण टाकायचे की थांबायचे?

कोल्हापूरला ही गोष्ट नव्याने सांगायला नको. १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले होते. १९२० च्या मार्चमध्ये आपल्या माणगावात परिषद झाली, राजर्षी शाहू महाराज तिथे आले. त्याच वर्षी बाबासाहेब राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले, आणि त्यासाठी महाराजांनी त्यांना आर्थिक मदत केली. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. बाबासाहेबांच्या योग्यतेच्या माणसालाही पैशाअभावी मधली तीन वर्षे वाट पाहावी लागली. ज्या राजाच्या नावाने आज राज्य सरकार शिष्यवृत्ती देते, त्याने मदत गरज असताना केली. त्या नावाचा मान ठेवायचा तर सरकारने एवढे करावे: जाहिरात दिवाळीनंतर लगेच काढावी, गुण आणि अर्ज पाहून तात्पुरती निवड यादी मार्चअखेर लावावी, प्रवेशपत्र हाती आले की ती कायम करावी. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती जवळपास अशीच चालते. अर्ज ऑगस्टमध्ये सुरू होतात, ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात, आणि विद्यापीठाचा बिनशर्त प्रवेश पुढच्या जुलैपर्यंत दाखवला तरी चालतो. दुसऱ्या देशाच्या सरकारला हे जमते, तर आपल्याला का जमू नये?

सरकारकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्या गावात, आपल्या कॉलेजांत करण्यासारखे बरेच आहे. शहाजी लॉ कॉलेज १९३३ पासूनचे, शिवाजी विद्यापीठ १९६२ चे. इतकी परंपरा असलेल्या शहरातल्या मुलांना चेव्हनिंगचे नाव शेवटच्या वर्षाची परीक्षा झाल्यावर कळावे, हे मला पटत नाही. चेव्हनिंगला २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. कोर्टातली वकिली त्यात धरली जाते, पण त्या तासांचा हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवायला हवा हे कुणी सांगत नाही. अमेरिकेत शिकण्यासाठीच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स शिष्यवृत्तीत आंतरराष्ट्रीय कायद्याचा अभ्यास बसतो. तिथे तीन वर्षांचा अनुभव लागतो आणि अर्ज जवळजवळ सव्वा वर्ष आधी करावा लागतो. फेलिक्स शिष्यवृत्ती इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड, सोआस (लंडन) आणि रेडिंग इथे शिकू इच्छिणाऱ्या भारतीय पदवीधरांसाठी आहे, आणि तिला प्रथम वर्ग हवा. कायदा आणि अर्थशास्त्र असा जोड विषय आवडणाऱ्यांसाठी युरोपात इरास्मस मुंडस या युरोपियन युनियनच्या योजनेतला एक संयुक्त अभ्यासक्रम आहे. निवडक मुलांना फी माफ आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात. टाटांचे जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून आहे, पण ती कर्जरूपी शिष्यवृत्ती, परत फेडायची असते. अर्ज करताना हे घरच्यांना स्पष्ट सांगावे. आणि केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना देशातल्या संस्थांपुरती आहे, परदेशी शिक्षणाला ती लागू नाही. बँकेत जाऊन तिथे हे ऐकून परत येणारी मुले मी पाहिली आहेत.

अर्जातला जो भाग सगळ्यांत अवघड वाटतो, तो म्हणजे स्वतःविषयीचा निबंध. माझ्या या ज्युनिअरचा पहिला खर्डा ‘लहानपणापासून मला न्यायाची ओढ आहे’ असा सुरू होत होता. संध्याकाळी कोर्ट सुटल्यावर आम्ही चेंबरमध्ये बसलो. मी तिला विचारले, तू गेल्या वर्षभरात कोणत्या प्रकरणाने रात्री जागलीस? ती लगेच म्हणाली, हक्कसोडपत्र. आमच्याकडे वाटणीच्या दाव्यात हे नेहमी पाहायला मिळते. वडील गेले की भाऊ बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात घेऊन जातात, साडी-चोळी होते, आणि सहीनिशी बहिणीचा हिस्सा संपतो. हिंदू वारसा कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाली, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात मुलीचा हक्क जन्मतःच असल्याचे स्पष्ट केले, तरी निबंधकाच्या टेबलासमोर तो हक्क कसा विरतो, हे तिने दोन पक्षकार बहिणींच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिले होते. त्यांतली थोरली सही करण्याआधी माझ्या ज्युनिअरला हळूच विचारत होती, "सही केली नाही तर माहेर तुटंल का गं?" मी म्हटले, हेच लिही. पक्षकाराचे नाव, गाव काही न देता लिही. त्या प्रश्नाला कायद्यात उत्तर का नाही आणि ते शोधायला तुला कोणता पेपर शिकायचा आहे, ते लिही. पुढच्या खर्ड्यात ‘ओढ’ हा शब्दच उरला नव्हता. त्या निबंधावर तिला प्रवेश मिळाला, असे मी ठामपणे म्हणेन. आपल्या मुलांकडे असे अनुभव भरपूर आहेत: सातबाऱ्यावरचे वाद, ऊस बिलाच्या तक्रारी, पूररेषेतली घरे. फक्त हे अनुभव परदेशातल्या प्राध्यापकांना महत्त्वाचे वाटतील, याचा विश्वास त्यांना कुणी दिलेला नसतो.

शिफारसपत्रांबद्दल आमच्या गुरुजनांना माझी हात जोडून विनंती आहे. ‘सदर विद्यार्थिनी कष्टाळू, नम्र व सुस्वभावी असून तिच्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा’ हा चारित्र्याचा दाखला झाला. तिकडच्या निवड समितीला कळायला हवे ते हे: कोणता विषय तुम्ही तिला शिकवला, मूट कोर्टात (कॉलेजातल्या सरावाच्या खटल्यात) तिने कोणता मुद्दा कसा लढवला, वर्गातल्या मुलांत तिचा क्रमांक कितवा लागतो. शिवाय पत्र संस्थेच्या अधिकृत ईमेलवरून जावे लागते. खासगी ईमेलवरून पाठवले तर अनेकदा प्रश्न निघतात. प्रत्येक प्राध्यापकाला कॉलेजचा ईमेल पत्ता देणे हा फार खर्चाचा भाग नाही. ट्रान्सक्रिप्टचे, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचेही तेच. अमेरिकेतल्या बहुतेक लॉ स्कूलचे कागद एलसॅक या संस्थेमार्फत जातात, आणि विद्यार्थ्याने स्वतः पाठवलेला ट्रान्सक्रिप्ट तिथे घेत नाहीत. तो पदवी देणाऱ्या संस्थेकडूनच जावा लागतो. तेव्हा कुठल्याही विद्यापीठाच्या परीक्षा विभागात परदेशी जाणाऱ्या कागदांसाठी एक टेबल, एक जबाबदार माणूस आणि ठरलेली मुदत असलीच पाहिजे.

गुणांचा प्रश्न तर जिव्हारी लागणारा आहे. आपल्याकडे लॉच्या पेपरात साठ टक्के पडणे म्हणजे घरात पेढे वाटायची गोष्ट. नॅशनल ओव्हरसीजची किमान अट साठ टक्क्यांची आहे, आणि बाहेरच्या चांगल्या विद्यापीठांना त्याहून जास्त हवे असतात. आमचे अठ्ठावन्न टक्के म्हणजे वर्गात तिसरा नंबर, हे तिकडच्या माणसाला कसे कळणार? कॉलेजने गुणक्रमांकाचे लेखी प्रमाणपत्र दिले तर कळेल. मुलांनी मागायची वाट न पाहता पहिल्या दहांना ते निकालासोबतच द्यावे.

सल्लागार संस्थांविषयी थोडक्यात. ‘मुलांकडून एक पैसा घेत नाही’ असे जिथे सांगतात, तिथे कमिशन बहुधा विद्यापीठाकडून येते, आणि सल्लाही त्याच विद्यापीठांकडे झुकतो. पालकांनी हे सरळ विचारावे. चांगल्या विद्यापीठांचा अर्ज मुले स्वतः संकेतस्थळावर करू शकतात.

आणखी एक. भारतात वकिली करायला एलएलएम लागत नाही. सनद एलएलबीवरच मिळते. पण परत येऊन लॉ कॉलेजात शिकवायचे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी बार कौन्सिलचे २०२० चे पदव्युत्तर शिक्षणाचे नियम आधी वाचावेत. परदेशातल्या एक वर्षाच्या एलएलएमच्या समकक्षतेचा, म्हणजे ती इथल्या एलएलएमच्या बरोबरीची धरायची का याचा, वाद त्यातूनच उभा राहिला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फी भरल्यावर हे कळणे फार महागात पडते.

आमच्या ज्युनिअरने यंदा पुन्हा अर्ज केले आहेत, या वेळी कामाच्या तासांसह चेव्हनिंगलाही. तिच्यासारखी आणखी मुले आहेत हे मला ठाऊक आहे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी असते. त्या दिवशी मी आणि बारमधले काही सहकारी मुलांचे निबंध वाचून द्यायला, शिफारसपत्रात काय हवे ते समजावून सांगायला तयार आहोत. शहरातल्या लॉ कॉलेजांनी एक खोली आणि इंटरनेट द्यावे, आणि हे काम जूनमध्ये, कॉलेज सुरू होताच चालू करू द्यावे. ऑगस्टमध्ये चेव्हनिंगचे अर्ज खुले होतात.

आपली,
एक वकील, राजारामपुरी, कोल्हापूर
(ज्युनिअरची ओळख उघड होऊ नये म्हणून माझे नाव छापू नये, ही विनंती.)