प्रिम्रोझचे बी मातीखाली गाडू नका

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या बागकाम पुरवणीत ब्रिटनमधल्या मराठी वाचकांसाठी प्रिम्रोझ या वसंतात फुलणाऱ्या बुटक्या फुलझाडाच्या लागवडीची माहिती आली. त्यात बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरून कुंडी रेडिएटरजवळ ठेवायला सांगितले आहे. मेथी-कोथिंबिरीला हे मानवेल, प्रिम्रोझला नाही. या बियाला रुजायला उजेड लागतो आणि त्याआधी थंडी. तापमान २० अंशांच्या वर गेले की उगवण मंदावते, बी तसेच पडून राहते, आणि आपण पाकिटाला दोष देतो.

अर्थात पाकीटही अगदी निर्दोष नसते. त्यातले बी कित्येक महिन्यांचे जुने असते, आणि सुकलेले प्रिम्रोझचे बी गाढ झोपी जाते. ओळखीच्या बागेत साधा पिवळा प्रिम्रोझ (प्रिम्युला व्हल्गॅरिस) असेल तर ताजे बी मागून घ्यावे. फुले सरल्यावर देठ जमिनीकडे झुकतात, बोंडे फुगतात. आतले बी हिरव्याचे तपकिरी होऊ लागले, पण अजून मऊ आहे, तेव्हाच काढून त्याच दिवशी पेरावे. उशीर केला तर मुंग्या ते पळवतात; बियाला चिकटलेला तेलकट कण त्यांना फार आवडतो. एकाच रोपावर मात्र बी फारसे धरत नाही. काही रोपांच्या फुलात मधोमध टाचणीच्या डोक्यासारखा ठिपका दिसतो, काहींत परागकोशांचे कडे. दोन्ही प्रकारची रोपे जवळजवळ असावी लागतात.

पाकिटातले बी जानेवारी-फेब्रुवारीत पेरावे. ९ सेंमीच्या कुंडीत तीन भाग बियांसाठीचे कंपोस्ट आणि एक भाग परलाइट (निचऱ्यासाठीचे हलके पांढरे खडे) भरा. कुंडी पाण्यात ठेवून खालून भिजू द्या, निथळू द्या, मग बी विरळ भुरभुरा. वर माती नको. झाकायचेच असेल तर व्हर्मिक्युलाइटचा (हलक्या खनिज कणांचा) अगदी पातळ थर, उजेड आत जाईल इतकाच. कुंडी उत्तरेकडच्या भिंतीलगत उघड्यावर ठेवा आणि वर काच टाका. बर्फ पडले तरी बिघडत नाही, उलट तेच हवे असते. हिवाळा हातचा गेला असेल तर ओली कुंडी पिशवीत घालून ४ ते ६ आठवडे फ्रिजमध्ये ठेवा आणि मग १५ अंशांच्या आसपास सावलीत. फुगलेले बी एकदा जरी सुकले तरी मेलेच. काही बी पुढच्या वसंतातही उगवते, म्हणून कुंडी लगेच रिकामी करू नये.

पहिल्या बीजपानांनंतर दोन-तीन खरी पाने आली की रोपे वेगळी करावीत. पान धरून उचलावे. खोड चिमटले तर रोप जाते. दाटीत ठेवलेली आणि वरून पाणी घातलेली रोपे मर रोगाने एका रात्रीत आडवी होतात.

रोपांना जागा ओलसर सावलीची हवी. पण ओलसर सावली म्हणजे साचलेले पाणी नव्हे, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. ओढ्याच्या काठी प्रिम्रोझची बहीण प्रिम्युला जपोनिका उत्तम. बियांपासून करायला आमच्या मते हीच सर्वांत सोपी. तिबेटची प्रिम्युला फ्लोरिंडी तर दलदलीतही खूश असते (वनस्पतिशोधक फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांना ती १९२४ मध्ये सापडली, नाव त्यांच्या पत्नीचे). पण साधा प्रिम्रोझ आणि हिमालयात भटकणाऱ्यांना जांभळ्या गेंदांमुळे ठाऊक असलेली प्रिम्युला डेंटिक्युलाटा यांचा गड्डा हिवाळी पाण्यात कुजतो. त्यांना भरपूर पानखत घातलेली, पण निचऱ्याची जागा द्यावी. दोन रोपांत ३० सेंमी अंतर पुरे. शरदात लावलेली लहान रोपे गोठणाऱ्या मातीबरोबर वर उचलली जातात; थंडीभर अधूनमधून बोटाने दाबून बसवावी लागतात.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी याच्या नादी लागू नये. ही झाडे थंडीला काटक आहेत, आपल्या उन्हाळ्याला नाहीत.

पुरवणीत राहून गेलेली एक गोष्ट म्हणजे वाइन वीव्हिल हा भुंगा. ओल्या मातीतले रोप विनाकारण मान टाकू लागले तर उपटून पाहावे. मुळे कुरतडलेली आणि जवळ तपकिरी डोक्याच्या, वाकड्या पांढऱ्या अळ्या सापडतील. त्यांच्यावर सूत्रकृमी (अळ्यांना मारणारे सूक्ष्म जंत) सोडतात, पण ऑगस्ट-सप्टेंबरात, माती उबदार असतानाच. नोव्हेंबरात सोडले तर पैसे पाण्यात.

आपले,
बागकाम करणारे काही वाचक, एडिंबरा