हवामान बदल शिकवायचा तर वर्गात थर्मामीटर आणा

मा. संपादक, स.न.वि.वि.

मी बरीच वर्षं भूगोल शिकवतेय. हवामान बदलावरच्या प्रश्नाला मुलं ठरलेलं उत्तर लिहितात, बर्फ वितळतो, समुद्र वर येतो, झाडे लावा, आणि मार्क मिळतात. पण तोंडी विचारलं की हे होतं कशामुळे, तर निम्मी मुलं ओझोनचं छिद्र सांगतात. ते प्रकरणच वेगळं आहे हो, ओझोनचा थर सूर्याची घातक किरणं अडवतो, तापमान वाढतं ते कार्बन डायऑक्साइडसारख्या उष्णता धरून ठेवणाऱ्या वायूंमुळे, पण त्यांचा दोष नाही, आम्हीच दोन्ही एका दमात शिकवून मोकळे होतो.

त्यात आपल्या भाषेतला घोळ. पुस्तकात रोजची ती हवा आणि दीर्घकाळची सरासरी ते हवामान, पण बातम्यांत उद्या पाऊस पडेल का तो सुद्धा हवामान अंदाजच. मग चार दिवस थंडी पडली की मुलं विचारतात, मॅडम, कुठे वाढलंय तापमान?

यावर मला एकच उपाय दिसतो. वर्गात एक साधा थर्मामीटर, एक पर्जन्यमापक आणि एक जाड वही ठेवा. रोज ठरलेल्या वेळी नोंद करायची आणि वर्षाच्या शेवटी वही खालच्या वर्गाकडे द्यायची. हवामानाची सरासरी निदान ३० वर्षांची धरतात, म्हणजे एका बॅचच्या नोंदींवरून काहीच सिद्ध होत नाही, हेही मुलांना त्यातूनच कळेल. चार्ल्स कीलिंग या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ ज्वालामुखीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली तेव्हा तो दहा लाखात साधारण ३१५ भाग होता, आज ४२० च्या वर गेलाय, आणि कीलिंग वारल्यावर त्यांच्या मुलाने हे काम पुढे चालवलं. ही गोष्ट सांगितली की वर्ग खरंच शांत होतो.

आणि परिणाम माणसांपर्यंत आणून शिकवा ना. हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून पाऊस आला की एकदम ओततो, मग नाले तुंबतात, पिकं झोपतात, शाळा बंद पडते. उकाड्यात दमटपणा वाढला की घाम वाळत नाही आणि बाहेर राबणाऱ्या माणसाचं शरीर थंडच होत नाही, हे विज्ञानाच्या तासाला सहज शिकवता येतं. समुद्रासाठी दोन ग्लास पुरे, एकात तरंगणारा बर्फ आणि दुसऱ्यात पाण्याबाहेर दगडावर ठेवलेला, कुठल्या ग्लासातलं पाणी वर चढतं ते मुलं स्वतः बघतील.

काही पालक म्हणतात उगाच मुलांना घाबरवू नका. मुलं घाबरतात, खरंय, म्हणून तर त्यांना १९८७ चा मॉन्ट्रियल करारही सांगायचा, देशांनी मिळून ओझोन नष्ट करणारे वायू थांबवले आणि ओझोनचा थर आता हळूहळू भरून येतोय. मी तो तापमानवाढीच्या धड्यानंतर लगेच घेते, दोन्हीतला फरकही तेव्हाच पक्का होतो.

आपली,
एक भूगोल शिक्षिका